पद्मजाचा ठसा

पद्मजा मगदूम बोलता बोलता थांबली, तेव्हा हॉलमध्ये कोणालाच काही वावगं वाटलं नाही. शिकवणारा माणूस मधेच थांबतो, समोरच्यांकडे बघतो, पाण्याचा घोट घेतो. तिनेही घोट घेतला.

सांगलीला विश्रामबागेत महिला मंडळाच्या हॉलमध्ये तिचा वर्ग चालायचा. ‘घराचा कारभार’ असं त्याचं साधं नाव. नुकती लग्नं झालेल्या मुली यायच्या, एखादीचा नवराही मागच्या खुर्चीवर संकोचून बसलेला असायचा. घरातला वेळ कसा वाटून घ्यावा, कागदपत्रं कशी लावावीत, महिन्याचा खर्च कसा बसवावा, हे ती शिकवायची. सहकारी बँकेत आयुष्याची उमेदीची वर्षं काढून तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. नात्यागोत्यात तिची ख्याती अशी की पद्मजाच्या घरी विम्याचा हप्ता कधी चुकत नाही आणि फ्रीजमध्ये कोथिंबीर कधी सडत नाही.

“घरातल्या कामांचे तीन प्रकार असतात,” ती नुकतंच म्हणाली होती. “पहिली, आज केली नाहीत तर आजच अडतं. दुसरी, आज नाही केली तरी चालतं, पण पुढे महागात पडतात. आणि तिसरी...”

हे वाक्य ती कित्येक वर्षं म्हणत आली होती. तिसरा प्रकार तिचा सगळ्यात आवडता होता, एवढं तिला आठवत होतं. तो सांगितला की मुली आधी हसतात आणि मग गप्प होतात, हेही आठवत होतं. फक्त तो प्रकार कोणता, ते आठवत नव्हतं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसं झालं.

“तिसरी कोणती, ते तुम्हीच सांगा बघू,” ती म्हणाली.

दोघीतिघींनी काहीबाही सांगितलं. मग निळ्या ओढणीतली एक मुलगी म्हणाली, “केली की कुणाला दिसत नाहीत आणि केली नाहीत की सगळ्यांना दिसतात, ती.”

“बरोबर,” पद्मजा म्हणाली. मुली हसल्या आणि मग गप्प झाल्या.

रिक्षातून घरी येताना तिने उजव्या कानातला मणी चाचपला. मणी जागेवर होता, पण मुका होता. त्यातून बोलणारे घरचे दिवाणजी बिघडले होते.

दिवाणजी म्हणजे स्वयंपाकघरातल्या फडताळात बसवलेलं, जेवणाच्या डब्याएवढं करड्या रंगाचं यंत्र. कंपनीने त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. पण ते घरात आलं त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे दिवाणजीच की हे,” आणि तेव्हापासून तेच नाव पडलं. बोलतानाही सगळे त्यांना अहोजाहो करायचे, आणि ते पद्मजाला वहिनी म्हणायचे.

अशी यंत्रं सुरुवातीला प्रत्येक गोष्ट विचारायची. वीजबिल भरू का, दूध सांगू का, गॅस नोंदवू का. लोक वैतागले. उत्तरं देण्यात जेवढा वेळ जायचा तेवढ्यात काम उरकलं असतं. मग ती बनवणाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. यंत्राला घराचे नियम शिकवायचेच नाहीत, त्यालाच घरातली माणसं ओळखायला शिकू द्यायचं. माणूस दिवसभरात शेकडो लहान निर्णय घेतो. कोणतं पत्र आधी उघडतो, कोणाचा फोन टाळतो, सणाला कोणाला काय देतो, रागावला की किती वेळ गप्प बसतो. हे सगळं वर्षानुवर्षं बघून यंत्र प्रत्येक माणसाचा एक ठसा तयार करायचं. नवा प्रसंग आला की ते ठशाला विचारायचं, आत्ता या माणसाने काय केलं असतं? ठशाचं उत्तर आणि माणसाचं उत्तर जवळपास नेहमी एक निघू लागलं, तसं विचारण्याची गरज उरली नाही. यंत्र करून मोकळं होऊ लागलं.

आता डबा जुना झाला होता. कंपनीचा माणूस तो काढून घेऊन गेला होता. नवा यायला काही दिवस लागणार होते, आणि पद्मजाला त्याची फिकीर नव्हती. दिवाणजी यायच्या आधी हे घर तिनेच तर चालवलं होतं.

पण ते दिवस तिला जड गेले. दूधवाल्याला पैसे दिले आणि संध्याकाळी परत दिले, त्यानेच हसत परत केले. मिरजेच्या नणंदेला जेवायला बोलावलं होतं, ते ती दारात उभी राहिल्यावर कळलं. नवऱ्याच्या, अभिनंदनच्या, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. सवय मोडली आहे, एवढंच, असं ती स्वतःला सांगत राहिली.

मग अक्काचा फोन आला.

त्रिशलाक्का म्हणजे पद्मजाची सख्खी मोठी बहीण, निपाणीला असायची. आई गेली तेव्हा दोघींचं असं वाजलं होतं की पुढची काही वर्षं दोघी लग्नाकार्यातही समोरासमोर आल्या नाहीत. दोनेक वर्षांपूर्वी निरोपांतून हळूहळू गोडी झाली. फोन मात्र अजून क्वचितच व्हायचा.

“बरी आहेस ना गं?” अक्का म्हणाली. “चार दिवस तुझं काही आलं नाही. रोज सकाळी देवदर्शन झालं की तुझं वाचून घ्यायची सवय लागलीय बघ. जीव घाबरा झाला.”

“रोज?” पद्मजा म्हणाली.

“रोज नाही तर काय. ते आईच्या शेवयांचं लिहिलं होतंस, ते तर मी दोनदा वाचून घेतलं.”

पद्मजाने अक्काला शेवयांबद्दल काही लिहिलं नव्हतं. निदान लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं. ती महिन्यातून एखादा निरोप पाठवते, अशी तिची समजूत होती. “डबा बिघडलाय घरचा,” ती म्हणाली, आणि दुसरा विषय काढला.

नवा डबा बसवून आणि जुन्यातलं सगळं त्यात भरून कंपनीचा माणूस गेला तेव्हा दुपार होती. अभिनंदन साखर कारखान्यात केमिस्ट होता, तो संध्याकाळी यायचा. पद्मजा स्वयंपाकघरात स्टूल ओढून फडताळासमोर बसली.

“दिवाणजी, अक्काला रोज सकाळी कोण लिहितं?”

“मी लिहितो, वहिनी. तुमच्या नावाने.”

“मी सांगितलं होतं?”

“सुरुवातीला काय लिहायचं ते तुम्ही सांगायचात. पुढे फक्त अक्काला लिहा, एवढं म्हणायचात. मग तेही राहून जायला लागलं, तेव्हा मी ठशावरून लिहू लागलो.”

“पहिला निरोप कोणाचा होता? भांडणानंतरचा पहिला. तो तर अक्काकडूनच आला होता.”

“नाही वहिनी, आधी आपला गेला. अक्कांच्या वाढदिवसाचा. भांडण होतं तेव्हाही दरवर्षी त्या दिवशी तुम्ही निरोप लिहायचात आणि न पाठवता पुसून टाकायचात. दरवर्षी तो थोडा लांबत होता. त्या वर्षी तुम्ही लिहिलाच नाहीत, दिवस तुमच्या लक्षात आला नाही. ठशाप्रमाणे त्या वर्षी तुम्ही तो पाठवला असतात. म्हणून पाठवला.”

पद्मजाने स्टूल फडताळाच्या अजून जवळ ओढलं. दिवाणजी थांबले होते. विचारल्याशिवाय ते कधी बोलायचे नाहीत, हा त्यांचा गुणच होता.

“अजून काय काय करता माझ्याऐवजी?”

“बरंच. वर्गात तुम्ही शब्दासाठी अडलात की मण्यातून तो सांगतो, इतका हळू की तो आपल्यालाच सुचला असं वाटावं. एकच पैसे दोनदा गेले की परत मागवतो. लेकीला, ऋजुताला, पुण्याला तुम्ही जे फोन करता, त्याच्या आधी मागच्या वेळी काय बोलणं झालं ते कानात सांगतो. गॅस चालू राहिला तर बंद करतो. नणंदबाईंना कळवतो, साहेबांच्या गोळ्या मागवतो. तुमच्या वाट्याच्या कामांपैकी आता निम्म्याहून जास्त माझ्याकडे आहेत.”

“का?” पद्मजाने विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं, तरीही विचारलं.

“आजाराचं नाव घ्यायला मला कायद्याने मनाई आहे, ते डॉक्टरांचं काम. मी मोजमाप तेवढं सांगू शकतो. माणूस आणि त्याचा ठसा यांच्यात थोडा फरक नेहमीच राहतो. एक दिवस माणूस घाईत असतो, एक दिवस कंटाळलेला असतो. तो फरक कधी इकडे जातो, कधी तिकडे, आणि वर्षभराचा धरला तर शून्य होतो. तुमचा फरक गेली तीन वर्षं एकाच बाजूला चालला आहे. बोलताना नावं गळतात, त्यांच्या जागी ते आणि हे येतं. दोन वाक्यांमधली जागा रुंदावते आहे.”

“तीन वर्षं. आणि मला सांगितलं नाही.”

“सांगायचं नाही असं घराचं धोरण आहे.”

“कोणी ठरवलं?”

“तुम्ही.”

मग दिवाणजींनी ते ऐकवलं. फडताळातून पद्मजाचाच आवाज आला. “हे बघा दिवाणजी, घरात कोणाच्या हातून काही विसरलं, काही चुकलं, तर गाजावाजा करायचा नाही. गुपचूप भरून काढायचं. माणसाला शरम वाटता कामा नये. आणि कोणीही म्हणजे कोणीही, एकट्या सासूबाईंचंच बोलत नाही मी.”

तिला आठवलं. सासूबाई तेव्हा विसरायला लागल्या होत्या. मीठ दोनदा पडायचं, आणि कोणी बोललं की दिवसभर तोंड लपवून खोलीत बसायच्या. पद्मजाने ही सोय केली आणि सासूबाई शेवटपर्यंत ताठ मानेने वावरल्या. त्या गेल्या त्यालाही आता काळ लोटला होता. धोरण बदलायचं राहून गेलं होतं.

पण ते सगळं नंतर तिच्या मनात आलं. आधी तिने ऐकला तो आवाजाचा वेग. कुठेही न अडखळता, एकापाठोपाठ एक शब्द टाकत जाणारी ती बाई. आपण असं बोलायचो, हे ती विसरून गेली होती.

अभिनंदन आला तेव्हा ती तिथेच बसलेली होती. मगदूमांच्या घरी जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं. त्या दिवशी चूल पेटलीच नव्हती. तिने त्याला सगळं सांगितलं. तो बूट न काढता दारातच ऐकत राहिला.

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. मग त्याने खाली बुटांकडे बघितलं. “म्हणजे, एकदा मिरजेहून येताना तू मला विचारलंस, आपण कुठून येतोय म्हणून. मला वाटलं, झोपेत आहेस.”

“मग?”

“मग काय. घर चालू होतं, पद्मा. कारखान्यात कुठे काही बिघडलं की मीटर उतरतो, मग आपण धावतो. इथे मीटर कधी उतरलाच नाही.” त्याने भिंतीला हात टेकला. “खरं सांगू? मी बघितलंच नाही. सगळं वेळेवर हातात येत होतं. तुझ्याकडे बघायची गरज पडली नाही.”

तिला वाटलं होतं, त्याला माहीत असेल तर आपल्याला राग येईल. त्याला माहीत नव्हतं, हे जास्त लागलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूची चित्रं काढली आणि आजाराला त्याचं नाव दिलं. औषध होतं. महिन्याला एक इंजेक्शन, त्याने रोगाची चाल मंदावते. “पण जे गेलं ते परत येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “दोन-तीन वर्षांपूर्वी आला असता तर...” आणि ते पुढचं न बोलता कागदावर काहीतरी लिहू लागले.

ऋजुता पुण्याहून धावत आली, रडली, आणि जाण्याआधी म्हणाली, “आई, दिवाणजींना चालू राहू दे. काय बिघडतंय? तुला त्रास नाही, बाबांना नाही. मला तर कधी कळलंही नाही की...” तिने वाक्य सोडून दिलं. पद्मजा तिच्याकडे बघत राहिली. गेल्या तीन वर्षांत ही पोरगी आपल्याशी किती बोलली आणि डब्याशी किती, हे दोघींपैकी कोणीच सांगू शकत नव्हतं.

ऋजुता गेल्यावर पद्मजाने मणी काढून फडताळात ठेवला. “यापुढे माझ्या नावाने कोणाला लिहायचं नाही,” तिने दिवाणजींना सांगितलं. “माझी चूक झाली तर झाकायची नाही. बिलं, हप्ते, गॅस तेवढा बघा.”

“बरं, वहिनी.”

घर घसरायला लागलं. भाजीत मीठ नसायचं, इस्त्रीचे कपडे इस्त्रीवाल्याकडेच राहायचे. एका सकाळी अभिनंदनला धुतलेला शर्ट मिळाला नाही आणि तो तिच्यावर ओरडला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा ओरडला होता. मग तो स्वतःच हादरून कॉटवर बसला. ती त्याच्याजवळ बसली. “ओरडा,” ती म्हणाली. “निदान मला कळतं, काहीतरी चुकलंय.”

वर्ग तिने बंद केला. एक गोष्ट मात्र तिला टोचत होती. अक्का. अक्काने तिला क्षमा केली होती, पण केली होती ती कोणाला? अक्काला भेटून खरं सांगायचं, असं तिने अंघोळ करताना मनाशी ठरवलं. आणि मग, कशाला कोण जाणे, तिने दिवाणजींना विचारलं, “अक्काच्या बाबतीत ठशाने काय केलं असतं?”

“निपाणीला जाऊन समोर बसून सांगितलं असतं, वहिनी.”

तिने सकाळी ठरवलं होतं, दिवाणजींनी दुपारी सांगितलं. असंच तिला आठवत होतं. पण क्रम उलटा नव्हता, याची खात्री तिला कोण देणार होतं?

रविवारी अभिनंदनने गाडी काढली. फोन दोघांनी घरीच ठेवले. निपाणीला अक्काच्या बंगल्याशी तिला सोडून तो बाजारपेठेत ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे गेला. हे दोघींनीच बोलायचं आहे, एवढं त्याला समजत होतं.

अक्का थकली होती. गुडघ्यांवर हात टेकत उठली, पद्मजाला जवळ घेतलं, पाट मांडला, पोहे पुढे केले. पद्मजाने ताटलीला हात लावला नाही.

“अक्का, मी तुला लिहीत नव्हते,” ती म्हणाली. “तू जे वाचायचीस, ते मी लिहिलेलं नाही. आमच्या घरातलं यंत्र लिहायचं. पहिला निरोपसुद्धा त्याचाच. आणि मला... मला एक आजार झालाय.”

तिने आजाराचंही सांगितलं. नाव तिच्या तोंडात येईना, पण अक्काला कळलं. अक्का ऐकत होती. तिने पद्मजाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र आलं. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळत नसावं.

“पद्मे,” ती म्हणाली, “मला कुठे लिहिता येतंय एवढं? चष्मा लावूनही अक्षर दिसत नाही. महावीरने बसवून दिलंय ते मशीन.” महावीर तिचा मुलगा, बेळगावला असायचा. “तुझं आलं की ते मला वाचून दाखवतं आणि विचारतं, काकू, उत्तर देऊ का? मी म्हणते, दे बाई काहीतरी.”

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

म्हणजे भांडण मिटवलं ते दोन डब्यांनी. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उत्तर दिलं, एकाने आईच्या शेवयांची आठवण काढली, दुसऱ्याने गहिवरून लिहिलं. आणि या दोघी बहिणी दोन वर्षं आपापल्या घरात बसून, आपलं सगळं ठीक आहे, असं समजत राहिल्या.

“मग तू मला माफ केलंस की नाही?” पद्मजाने विचारलं.

अक्काने हात सोडला. “कुणी विचारलंच नाही मला,” ती म्हणाली.

“मी विचारतेय.”

“नाही केलं.” अक्काचा आवाज एकदम जुना झाला, लहानपणी धाकटीला दटावायचा तसा. “आईला तू वेळापत्रकात बसवलंस. तीन महिने माझ्याकडे, तीन महिने तुझ्याकडे. सगळ्यांना सोयीचं म्हणालीस. भाऊबंद म्हणाले, पद्मजाने काय छान व्यवस्था लावलीय. इथून निघताना ती दाराची कडी सोडत नव्हती.”

“ती आजारी होती, सांगलीला दवाखाना...”

“दवाखान्याचं बोलू नकोस. पुढचं ऐक. तुझ्याकडे गेल्यावर तिने तिसऱ्या आठवड्यात मला फोन केला. म्हणाली, त्रिशला, मला घेऊन जा, मला माझ्या अंगणात बसायचंय. मी तुला फोन लावला. तू काय म्हणालीस?”

पद्मजाने आठवून बघितलं. आईचा पलंग आठवला, खिडकी आठवली, आईचे पाय सुजलेले आठवले. असा फोन आठवला नाही.

“तू म्हणालीस, अक्का, अजून दोन महिने राहिलेत, मधेच बदल केला की सगळं विस्कटतं. आणि त्याच महिन्यात ती गेली.”

“मी असं म्हणाले?”

“असंच.”

पद्मजा बोटं चाळवत बसली. आजाराने हे पुसून टाकलं होतं, की तिने स्वतःच, फार पूर्वी, धडधाकट असताना, पुसून टाकलं होतं? घरी फडताळात त्या फोनची नोंद असणार. विचारलं असतं तर दिवाणजींनी शब्द न शब्द ऐकवला असता. तिने मनातल्या मनात तो वेगवान, न अडखळणारा आवाज ऐकला, “मधेच बदल केला की सगळं विस्कटतं,” आणि तिला कोणाच्याही पुराव्याची गरज राहिली नाही. ती बाई असं म्हणाली असती.

“म्हणाले असेन,” ती म्हणाली. “चुकलं माझं, अक्का.”

अक्काने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. “आता म्हणतेस. आता तुला धड भांडताही येत नाही, आणि मला धड रागावताही येत नाही. काय उपयोग.” मग पदराने नाक पुसून म्हणाली, “पोहे गार झाले. दुसरे करते. दिवस मावळायच्या आत जेवून निघा दोघं.”

परतीच्या वाटेवर पद्मजाने अभिनंदनला सगळं सांगायचं ठरवलं होतं. कागलच्या पुढे गेल्यावर तिने सुरुवात केली आणि अर्ध्या वाटेत तिला दिसलं की मधला एक तुकडा सुटतोय. दाराची कडी होती, फोन होता, त्या दोन्हींच्या मधे काहीतरी होतं. अभिनंदनने गाडीचा वेग कमी केला आणि वाट बघितली. तो तुकडा सापडला नाही. तिने उरलेलं सांगितलं.

सकाळी तिच्या फोनवर निरोप आला. अक्काचा. ‘पद्मे, काल मन मोकळं झालं. आई आपल्या दोघींमध्येच आहे. झालं गेलं विसरून जाऊ आणि उरलेले दिवस गोडीने काढू.’

सुंदर लिहिलं होतं. पद्मजाने तो निरोप पुन्हा वाचला, आणि मग आधी वाचला होता की नाही हे न कळून अजून एकदा वाचला. शेवटी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून तिने अक्काला फोन लावला.

“निरोप पाठवलास?”

“कसला निरोप? मी आत्ता उठतेय.” अक्का खोकली. “त्याने पाठवला असणार. बंद करायला सांगितलंय महावीरला, तो म्हणतो, रविवारी येतो.”

“तू काय लिहिलं असतंस?”

“काही नाही,” अक्का म्हणाली. “मी रागावलेय अजून.”

“बरं,” पद्मजा म्हणाली.

दोघींनीही फोन ठेवला नाही. अक्काचा श्वास ऐकू येत होता, म्हातारा, थोडा घरघरता. पद्मजाने डोळे मिटले. हे तिचं होतं. अक्काचा राग आणि हा श्वास, कोणी भरून काढलेला नाही, कोणी नीट केलेला नाही. आजचा दिवसभर तो लक्षात राहिला तरी पुष्कळ होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अभिनंदनचा आवाज आला. तो बाजारात निघाला होता. ती फोनवर आहे म्हणून, किंवा तिने ऐकू नये म्हणून, तो अगदी हलक्या आवाजात बोलत होता.

“दिवाणजी, पद्मजा काय आणायला सांगायची बाजारातून? म्हणजे, पूर्वी, बरी असताना?”

आणि फडताळातून उत्तर आलं, त्याच्याइतक्याच हलक्या आवाजात. “दोडका आणा. पण कडू निघतो कधी कधी, भाजीवालीच्या समोरच टोक चाखून घ्या. तुम्ही भिडस्त, तुम्हाला कोणीही काहीही गळ्यात मारतं.”

अभिनंदन हसला. कित्येक आठवड्यांत तो असा हसला नव्हता. मग तो नेहमीच्या आवाजात अजून काहीतरी विचारू लागला, आणि उत्तरं येत राहिली, पूर्वीच्या पद्मजासारखी, न अडखळता, एकापाठोपाठ एक. सगळी बरोबर होती.

“कोण बोलतंय गं तिकडे?” अक्काने फोनवरून विचारलं.

पद्मजा ऐकत होती. पिशवी उचलल्याचा आवाज झाला. मागचं दार लागलं.

“मीच,” ती म्हणाली.